पाटल्या कुणी नेल्या?

पत्र

माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत घसरून त्यांचा खुबा मोडला, मिरजेला ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण दुसऱ्या रात्री त्यांनी सलाईन उपटलं, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणाल्या आणि सगळ्या वॉर्डासमोर माझ्याकडे बोट करून ओरडल्या, "हिनं माझ्या पाटल्या नेल्या, पोलिसाला बोलवा." पाटल्या ऑपरेशनला नेताना सिस्टरनंच काढून माझ्या हातात दिल्या होत्या. चार दिवसांनी आत्या ताळ्यावर आल्या. त्यांना काही आठवत नाही म्हणतात. मला मात्र विसरता येत नाही. आता पुढच्या महिन्यात त्यांचा गुडघा बदलायचा आहे. नणंद म्हणते, भूल डोक्यात चढली होती, या वेळी पाठीतूनच द्यायला सांगा. आमचे हे म्हणतात, वय झालं, चालायचंच. पुन्हा तसं होऊ नये म्हणून घरच्यांना काही करता येतं का? आणि रात्री त्यांच्याजवळ मी बसावं की नको?

– एक सून, तासगाव तालुका

उत्तर

ताई,

आधी पाटल्यांचं बोलू. तुमच्या पत्रात गुडघ्यापेक्षा त्याच जड आहेत.

आत्यांच्या आरोपात निम्मं खरं होतं, हे तुमच्या लक्षात आलंय का? पाटल्या हातातून गेल्या होत्या, हे खरं. त्या तुमच्याकडे होत्या, हेही खरं. सिस्टरनं त्या काढून तुमच्याकडे दिल्या, हा मधला दुवा तेवढा निसटला. रात्रीचे दोन वाजलेत, हाताला मोकळं मोकळं लागतंय, डोळ्यांवर चष्मा नाही, समोर ओळखीचा एकच चेहरा आहे. भ्रमातला मेंदू मग हाती असलेल्या तुकड्यांचीच गोष्ट जुळवतो. त्या स्टुलावर नणंद बसली असती तर चोर ती ठरली असती. मी एकतीस वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते. अशा रात्री शिव्या नेहमी उशाशी बसलेल्यालाच पडतात, लांबून फोन करणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही.

"आठवत नाही" हे खरं असेलही. पण बऱ्याच जणांना त्यातलं तुकड्यातुकड्यानं आठवतं आणि लाजेनं ते विषय काढत नाहीत. एखाद्या दुपारी चहा घेताना तुम्हीच म्हणा, "आत्या, मागच्या वेळी तुम्हाला भ्रम झाला होता. आजारपणच ते. या वेळी होऊ नये म्हणून मी विचारून ठेवलंय." तेवढ्यावरच थांबा. खुलासा मागू नका, माफी तर नकोच.

या भ्रमाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. तापात माणूस बरळायला लागला की आमची आजी "वात झालाय" म्हणायची, तेच हे. हे वेड नव्हे आणि म्हातारपणाचा विसरभोळेपणाही नव्हे. विसरभोळेपणा महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढत जातो. हा भ्रम काही तासांत येतो, बहुधा ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन दिवसांत, आणि दिवसभरात चढउतार होतो. सकाळी राउंडच्या वेळी पेशंट शहाण्यासारखा बोलतो आणि रात्रभर जागलेल्या सुनेच्या सांगण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, त्याचं कारण हेच. पहिल्यांदा बिघडतं ते लक्ष. प्रश्न विचारला तर उत्तर अर्ध्यात सुटतं, नजर कुठेतरी भलतीकडे जाते.

नणंदबाईंच्या म्हणण्याबद्दल. भूल डोक्यात चढते ही समजूत इतकी घट्ट आहे की मीही अनेक वर्षं तसंच मानत होते. अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ रुग्णालयांनी खुबा मोडलेल्या १,६०० रुग्णांत हे नीट पडताळून पाहिलं, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पाठीत इंजेक्शन देऊन ज्यांचं ऑपरेशन केलं त्यांच्यातल्या २०.५ टक्क्यांना भ्रम झाला आणि पूर्ण भूल दिलेल्यांतल्या १९.७ टक्क्यांना. म्हणजे दोन्हीकडे पाचांत एक. तेव्हा भूल कोणती द्यायची ते भूलतज्ज्ञ आत्यांचं हृदय, फुप्फुसं, मणका बघून ठरवू देत, त्यावर घरात भांडू नका. भ्रमामागे सहसा एकच कारण नसतं. दुखणं, तहान, तुंबलेली लघवी, तीन दिवस न झालेलं पोट, जंतुसंसर्ग, रक्तात कमी झालेलं सोडियम किंवा ऑक्सिजन, मोडलेली झोप, एखादं औषध, कानाला ऐकू न येणं असं एकावर एक साचत जातं. मागच्या वेळी हाड मोडून घाईघाईत जावं लागलं. या वेळी तुमच्या हातात महिना आहे.

आणि यजमानांच्या "चालायचंच"ला उत्तर आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की रुग्णालयात दाखल झालेल्या सत्तरीपुढच्या माणसांसाठी काही साधी कामं नेमानं केली, तर भ्रम टाळता येतो. दिवस-जागेची आठवण देणं, चालवणं, पाणी पाजणं, चष्मा आणि कानाचं मशीन लावणं, रात्री झोपू देणं, अशी ती कामं. ती केली त्या गटात ९.९ टक्क्यांना भ्रम झाला, इतरांत १५ टक्क्यांना. तिथे ही कामं शिकवून तयार केलेले स्वयंसेवक करत. पुढे चीनमधल्या चेंगडूच्या वेस्ट चायना हॉस्पिटलनं ती पद्धत घेतली, पण घरच्या माणसांना त्यात ओढलं, सिस्टरांनी त्यांना शिकवलं. २०२० मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. ऑपरेशन झालेले २८१ रुग्ण, सगळे सत्तरीचे किंवा पुढचे. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत १९.४ टक्क्यांना भ्रम झाला, घरच्यांनी हातभार लावलेल्या गटात २.६ टक्क्यांना. एका रुग्णालयातला अभ्यास आहे, मिरजेत अगदी एवढाच फरक दिसेल असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे पेशंटजवळ माणूस असतोच, फक्त तो बहुतेक वेळ मोबाइल बघत असतो नाहीतर चिठ्ठी घेऊन खाली मेडिकलला पळत असतो. त्याच माणसाला नेमकं काम द्यायचं आहे.

आता महिनाभरात काय करायचं ते. ऑपरेशनआधी फिटनेस तपासायला न्याल तेव्हा पहिलं वाक्य हे बोला: "मागच्या ऑपरेशननंतर यांना चार दिवस भ्रम झाला होता." एकदा झालेल्याला पुन्हा व्हायचा धोका जास्त असतो आणि हे फाइलवर लिहिलेलं असेलच असं नाही. मग घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. सगळ्या म्हणजे झोपेची अर्धी गोळीसुद्धा, जी "ती काय, कधीमधी घेतात" म्हणून कुणी सांगत नाही. अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी म्हाताऱ्या माणसाला नव्यानं दिली तर भ्रम वाढवू शकते आणि वर्षानुवर्षं घेतलेली अचानक बंद केली तरी बेचैनी, भ्रम, प्रसंगी झटकेही येऊ शकतात. म्हणून स्वतःच्या मनानं चालूही नाही, बंदही नाही. सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या, लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, यांनीही या वयात डोकं गढूळ होतं. डॉक्टरांना एवढंच विचारा, "यातली कोणती भ्रम वाढवणारी आहे का?"

आत्या मिश्री लावतात का? तुम्ही लिहिलं नाहीत, कुणीच लिहीत नाही. तंबाखू एकदम सुटली की तगमग होते, झोप उडते, आणि वॉर्डात ती "पेशंट त्रास देतोय" या खात्यात जमा होते. सांगून टाका, ऑपरेशनआधी कशी सोडवायची ते डॉक्टर बघतील. (घरात पुरुष पेशंट असेल तर दारूचंही. "छे, आमचे अण्णा घेत नाहीत" म्हणणाऱ्या घरातले अण्णा तिसऱ्या दिवशी थरथरायला लागलेले मी पाहिलेत.)

कानात मळ आहे का ते तपासून घ्या. फार क्षुल्लक वाटतं, पण निम्मं ऐकू येणाऱ्या बाईला मास्क लावलेली सिस्टर काय बोलते ते कळतच नाही, आणि न कळलेलं सगळं संशयाकडे जातं. चष्म्याची काडी सैल असेल तर आत्ताच बसवून घ्या. आणि सध्या त्यांची स्मरणशक्ती कशी आहे हे दोन ओळींत लिहून ठेवा: हिशोब स्वतः करतात का, नातवंडांची नावं चुकतात का. पुढे "या आधीपासूनच अशा होत्या का?" असं कुणी विचारलं, तर उत्तर तुमच्याच जवळ असेल.

ऑपरेशनच्या दिवशी एकच गोष्ट आवर्जून विचारा. आदल्या रात्री दहापासून पाण्याचा थेंब नाही आणि नंबर लागतो दुपारी दोनला, असं सर्रास घडतं. भुलेआधी दोन तासांपर्यंत साधं पाणी बहुतेकांना चालतं. पोटाचा किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर वेगळं. भूलतज्ज्ञांना विचारून वेळ लिहून घ्या, आपल्या मनानं पाजू नका. चष्मा, कवळी, कानाचं मशीन नाव लिहिलेल्या डब्यात घालून स्वतःजवळ ठेवा आणि त्या बाहेर आल्या की डब्यासकट हजर राहा. चष्मा आणि मशीन शुद्धीवर येताच लावता येतात, कवळी मात्र सिस्टरला विचारून, पूर्ण जागं झाल्यावर.

खरं काम पुढचे तीन दिवस. सकाळी पडदा उघडा, उजेड येऊ द्या. मी घरच्यांना कालनिर्णय आणायला सांगायची, पायथ्याशी दिसेल असं टांगायला, आणि मोठ्या आकड्यांचं घड्याळ. तोंड धुऊन झालं की कॅलेंडरवर बोट ठेवून गप्पांच्या ओघात सांगायचं: "आत्या, आज बुधवार, आपण मिरजेला दवाखान्यात आहोत, काल तुमचा डावा गुडघा बदलला, दुपारी रमेशभावजी येणार आहेत." सांगायचं, विचारायचं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण वाकून "मला ओळखलं का? मी कोण?" असं म्हणतो ना, त्याचा मला मनस्वी राग आहे. आजारी माणसाची तोंडी परीक्षा घेतात आणि तो चुकला की एकमेकांकडे बघतात. आलेल्यानं आपलं नाव आपणच सांगावं. आणि एका वेळी दोघांहून जास्त नकोत, अख्खी भावकी टेम्पो करून आली तरी.

दिवसा त्यांना झोपू देऊ नका, म्हणजे डुलकी ठीक, पण चार तास नको. हाताला काही काम द्या. एका आजींच्या सुनेनं कापूस आणला होता. आजी पलंगाचं डोकं वर करून, टेकून बसल्या, मांडीवर टॉवेल पसरला आणि वाती वळायला लागल्या. पहिल्या चार-पाच वेड्यावाकड्या झाल्या. मग बोटांना आपोआप आठवलं, अंगठा नि तर्जनी सरसर फिरायला लागली, आणि शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, "मलाही द्या थोडा." दोघींनी दुपारभर वाती वळल्या आणि कुणाच्या गावाला कोणता देव यावर गप्पा मारल्या. मेंदू जागा ठेवायचा तो असा. आत्यांना हरिपाठ पाठ असेल तर तो म्हणू द्या, शेतीवाडीचं विचारा, कांद्याला काय भाव मिळाला ते सांगा.

गुडघ्याचे पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात. फिजिओथेरपिस्ट आले की "आज राहू दे, दमल्यात" म्हणू नका. मायेपोटी म्हणतो आपण, पण पडून राहणं हे भ्रमाचं खत आहे. अर्थात तुम्ही एकट्यानं उठवू नका, पडल्या तर सगळंच मुसळ केरात. लघवीची नळी असेल तर रोज राउंडला विचारा, "आज काढता येईल का?" संडासला झाली का, हे सिस्टरनं विचारायची वाट बघू नका. पाणी दर तासाला दोन-चार घोट, डॉक्टरांनी मोजून द्यायला सांगितलं नसेल तर. जेवण बसवून, कवळी लावून. पेंगत असताना चमचा तोंडात घालू नका, ठसका लागून अन्न फुप्फुसात जातं.

दुखण्याबद्दल आमच्या बायका खोटं बोलतात. "दुखतंय का?" विचारलं तर "नाही गं बाई." त्यापेक्षा कूस बदलताना चेहरा बघा, कपाळाला आठी पडते का, श्वास धरतात का. न शमवलेल्या दुखण्यानंही भ्रम होतो, त्यामुळे गोळी वेळेवर मिळतेय ना ते पाहा.

रात्री दहा ते पाच वॉर्ड अंधारा हवा. तुमचा मोबाइल मुका करा. रात्री दोनला बीपी बघणं गरजेचं आहे का, झोपायच्या आधी बघता येईल का, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. विचारलं तर बऱ्याच सिस्टर जमवतात, मीही जमवायची.

आता माझ्याच हातून झालेली चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्या वॉर्डात हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. दुसऱ्या दिवसापासून एकदम गप्प. हाक मारली तर डोळे उघडायचे, मिटायचे. बाकीचे पेशंट घंटा वाजवून जीव नकोसा करत होते, त्यात हे एवढे गुणी म्हणून मी समाधानानं लिहिलं, "रुग्ण शांत, झोप चांगली." त्यांची मुलगी दोनदा येऊन म्हणाली, "सिस्टर, बाबा असे नसतात, ते फार बोलतात." मी म्हटलं, दमलेत. तिसऱ्या सकाळी डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला तर मूत्राशय बेंबीपर्यंत तटतटलेलं. नळी घातली, संध्याकाळपर्यंत आजोबा मुलीला रागवत होते. सलाईन उपटणारा भ्रम सगळ्यांना दिसतो. असा गप्प पडलेला भ्रम दिसत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांत तो भरपूर असतो. "असे नसतात" हे वाक्य ती मुलगीच बोलू शकत होती. तुमच्याही जवळ तेच आहे. आत्यांना नेहमीचं ओळखता तुम्ही, ड्यूटी बदलणाऱ्या सिस्टरा नाही.

शंका आली तर वार उलटे म्हणायला सांगा, रविवार, शनिवार, शुक्रवार असे. (परीक्षा नको म्हटलं ना मी? ही एक तेवढी चालते, आणि पाहुण्यांसमोर नाही. घरीही एकदा म्हणवून बघा, म्हणजे त्यांना एरवी जमतं की नाही ते कळेल.) घरी जमत होतं आणि आता मध्येच गाडी घसरली, तर लगेच, सकाळच्या राउंडपर्यंत न थांबता, सांगा: "या कालपर्यंत अशा नव्हत्या. दुपारी चारपासून बदल आहे." वेळ सांगितली की ऐकणारा ताठ होतो. बोलणं बोबडं झालं, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात पडला, तर तो भ्रम समजू नका, आरडाओरडा करून डॉक्टर बोलवा.

आणि एवढं करूनही मुंग्या भिंतीवर आल्याच तर? "कुठं आहेत मुंग्या, काही नाहीये" म्हणून वाद घालू नका, आणि "हो हो, खूप आहेत" असंही नको. "भीती वाटतेय ना? मी आहे इथं" म्हणा, दिवा लावा, हात धरा. हातपाय बांधायची भाषा निघाली तर सांगा, आम्ही पाळीनं जवळ बसतो. बांधल्यानं माणूस आणखी उसळतो. "झोपेचं इंजेक्शन द्या" ही मागणी मात्र घरचेच करतात, बहुतेक रात्री तीनला. ते जिवावर बेतत असेल तेव्हाचं औषध आहे, त्यानं भ्रम बरा होत नाही. आधी कारण शोधायला सांगा. घरी गेल्यावरही काही आठवडे थोडं गोंधळल्यासारखं राहू शकतं. दोन-तीन महिन्यांनी तसंच असेल तर स्मरणशक्ती तपासून घ्या.

रात्री कुणी बसायचं, हे ऑपरेशनआधी आत्यांनाच विचारा, यजमानांच्या समोर. बायकांच्या वॉर्डात बऱ्याच ठिकाणी रात्री पुरुष माणसाला राहू देत नाहीत, म्हणजे प्रश्न तुम्ही की नणंद एवढाच उरतो. त्या तुमचं नाव घेतील असं मला वाटतं. घेतलं नाही तरी मनाला लावून न घेता दिवसाची पाळी घ्या, वर सांगितलेली बहुतेक कामं दिवसाचीच आहेत. सलग तीन रात्री कुणीच बसू नये. पाळी बदलताना शंभर पानी वहीत लिहून द्या: किती पाणी, लघवी-संडास, किती वेळ चालल्या, बोलणं कसं होतं.

राहता राहिल्या पाटल्या. या वेळी त्या घरीच उतरवा, ऑपरेशनच्या चार दिवस आधी, हाताला साबण लावून. डब्यात आत्यांनीच ठेवायच्या, कपाटाला कुलूप त्यांनीच घालायचं, किल्ली त्या सांगतील त्याच्याकडे. कुलूप घालतानाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा, त्यात त्यांचा स्वतःचा हात दिसू दे. रात्री दोनला पाटल्या आठवल्याच तर तो दाखवा. दाखवण्याआधी चष्मा चढवायला विसरू नका.